नोकरी सांभाळून दावणीला जनावर : आधी झोपेचा हिशेब करा

आपल्या सातारा-सांगली भागात एक गोष्ट सर्रास दिसते. माणूस कुपवाड, मिरज, पलूस किंवा साताऱ्याच्या एम.आय.डी.सी.त कामाला असतो, किर्लोस्करवाडीला जातो, साखर कारखान्यात असतो, शाळेत शिक्षक असतो, नाहीतर एस.टी.त वाहक असतो. आठ तासांची नोकरी, महिन्याचा पगार. आणि घरी परड्यात दोन गाई किंवा एक म्हैस बांधलेली असते. काहींच्या दावणीला खिलार खोंड असतो. आता थोड्या घरांत हौसेचा घोडाही दिसू लागला आहे. पगार बँकेत आणि दूध डेअरीत, असा दुहेरी संसार चाललेला असतो.

हे वाईट आहे असे म्हणण्यासाठी आजचा लेख नाही. दुधाच्या पैशावर मुलांची शिक्षणे झालेली, बहिणींची लग्ने लागलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. भिलवडीला १९३९ साली चितळे यांची डेअरी सुरू झाली. त्यानंतर कृष्णाकाठी दुधाचा जोडधंदा किती घरांत शिरला हे वेगळे सांगायला नको. शिवाय सगळाच पैशाचा मामला नसतो. दिवसभर मशीनपुढे उभे राहून आलेल्या माणसाला गाईच्या पाठीवरून हात फिरवला की बरे वाटते, हेही खरे आहे.

प्रश्न वेगळाच आहे. दवाखान्यात येणारे असे अनेक रुग्ण सांगतात, "डॉक्टर, अंगात ताकदच राहिली नाही. एखादे टॉनिक द्या, नाहीतर सलाईन लावा." तपासावे तर रक्त चांगले, साखर ठीक, छाती साफ. मग विचारावे, "अहो, झोपता किती?" उत्तर येते, "झोपेचे काय घेऊन बसलात डॉक्टर, चार-पाच तास होते की." दुखणे इथे असते. त्यावर बाटलीतले औषध नाही.

दिवसाचे चोवीस तास कुठे जातात?

कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्याच दिवसाचा हिशेब मांडा. नमुन्यादाखल पहिल्या पाळीच्या कामगाराचा दिवस पाहू. घरी दोन गाई आहेत असे धरू.

पहाटे साडेचारला उठणे. शेण काढणे, आंबोण, धारा आणि डेअरीला दूध घालून येणे : दीड तास. कामावर जाणे-येणे : एक तास. ड्यूटी : साडेआठ तास. दुपारी आल्यावर मका किंवा हत्तीगवत कापणे, भारा आणणे, कुट्टी करणे : दीड तास. संध्याकाळचे शेण, धारा आणि डेअरी : दीड तास.

बेरीज केली तर चौदा तास होतात. चोवीसातून चौदा गेले, राहिले दहा. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. ती वजा केली तर हाती उरतात तीन तास. या तीन तासांत अंघोळ, दोन वेळचे जेवण, बाजार, मुलांचा अभ्यास, भावकीतले लग्न, सोसायटीची मीटिंग, टी.व्ही. आणि मोबाइल बसवायचे आहेत. ते बसत नाहीत. मग माणूस काय करतो? ड्यूटीचा तास तोडता येत नाही. गाईची धार टाळता येत नाही. तोडता येते ती फक्त झोप. रात्री अकराला पाठ टेकली आणि साडेचारला उठले, तर झोप झाली साडेपाच तास. रोज दीड तास कमी, म्हणजे आठवड्याला साडेदहा तासांची उधारी. दर आठवड्याला दीड रात्र अजिबात न झोपल्यासारखेच हे झाले.

ही उधारी सावकारी कर्जासारखी वाढते. पहिल्या महिन्यात नुसती जांभई येते. पुढे चिडचिड, विसरभोळेपणा, कामात चुका. वर्षानुवर्षे झोप कमी पडली तर रक्तदाब वाढतो, मधुमेहाची शक्यता वाढते, भूक बिघडून वजन वाढते. जागे राहण्यासाठी चहा, तंबाखू, गुटखा सुरू होतो. अंग दुखते म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून परस्पर खाल्ल्या जातात. त्या गोळ्या वर्षभर खाल्ल्या तर पोटात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडे खराब होऊ शकतात. दुधाच्या बिलातून जे मिळाले ते अशा वाटेने जाते.

सर्वांत धोक्याची दुसरी पाळी

पहिल्या पाळीचे एकवेळ निभावते. खरा घात दुसऱ्या पाळीत होतो. दुपारी साडेतीनला ड्यूटी आहे म्हणून माणूस समजतो की आज वेळच वेळ आहे. पण गाय पाळी ओळखत नाही, ती पहाटेच हंबरते. साडेचारला उठायचे, दुपारपर्यंत गोठा, वैरण आणि शेत, मग ड्यूटी, आणि रात्री बाराला सुटून मोटारसायकलवरून गावाकडे. त्या वेळी तो माणूस साडेएकोणीस तास जागा असतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांना जागे ठेवून आणि नंतर त्यांनाच मोजून दारू देऊन त्यांच्या हाताची आणि डोळ्याची चपळाई तपासली. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची अवस्था, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी ढिली झालेली आढळली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने गाडी चालवणाऱ्यासाठी ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. म्हणजे माळकरी माणूसही सतरा तास जागून गाडीवर बसला, तर त्याचे हात-डोळे कायद्याच्या मर्यादेपलीकडे प्यायलेल्यासारखे चालतात. पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तर काहीच दिसणार नाही, एवढाच फरक.

त्यात आपले रस्ते. उसाचा हंगाम सुरू झाला की मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्याकडेला उभ्या असतात. जागा माणूस तिथे कसाबसा सावरतो. ज्याला दोन सेकंदांची डुलकी लागली तो सावरत नाही. ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत जवळजवळ अठ्ठावीस मीटर पुढे जाते.

म्हणून दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दोन गोष्टी नेमाने करा. सकाळची धार आणि डेअरी आटोपली की शेताकडे न जाता, अंधाऱ्या खोलीत निदान दोन तास झोपा. ही झोप आळशीपणाची नव्हे, ते औषध आहे. आणि रात्री सुटल्यावर डोळे जड वाटले तर कँटीनमध्ये चहा घेऊन वीस मिनिटे डोके टेका, मग निघा. वाटेत पापण्या मिटू लागल्या, मागचा एक किलोमीटर कसा गेला ते आठवेना, गाडी पांढऱ्या पट्टीकडे जाऊ लागली, तर ती शेवटची सूचना समजा. उजेडाच्या ठिकाणी, पेट्रोल पंपावर थांबून पंधरा-वीस मिनिटे डुलकी काढा. तोंडावर पाणी मारून किंवा गाणी म्हणून झोप जात नाही.

रात्रपाळीवाल्यांनी सकाळी घरी आल्यावर धारेपुरते थांबावे आणि आठच्या आत झोपावे. खिडकीला जाड पडदा, मोबाइल बंद, आणि घरच्यांनी दुपारपर्यंत हाक मारायची नाही, असा नियम करावा. वैरण दुपारी उठल्यावर आणावी.

आपली झोप वाचली, पण कोणाची गेली?

काही जण म्हणतील, "डॉक्टर, मी तर सात तास झोपतो." छान. मग गोठा कोण बघते? उत्तर बहुतेक घरांत एकच असते. नोकरी नवऱ्याची, गाय नवऱ्याच्या नावावर, डेअरीचे बिलही त्याच्याच खात्यावर, आणि शेणाची पाटी मात्र वहिनींच्या डोक्यावर. सर्वांच्या आधी उठायचे, सर्वांच्या मागून झोपायचे. वर पाहुण्यांना सांगायचे की घरीच असतात, काही करत नाहीत.

अशा बायका दवाखान्यात येतात त्या रात्री हाताला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, हातातून भांडे निसटते म्हणून. मनगटातून जाणारी शीर दबल्याने असे होते. रोज दोन वेळा धारा काढणाऱ्या हाताला हा त्रास होणे साहजिक आहे. अंगठा मुडपून सडावर दाबत धार काढण्याची सवय असेल तर ती सोडावी. पूर्ण मुठीने धार काढली तर अंगठ्यावर आणि मनगटावर ताण कमी येतो, आणि गाईच्या सडालाही इजा होत नाही. मुंग्या येतच राहिल्या तर वेळेवर दाखवावे. उशीर झाला की अंगठ्याच्या बुडाचे मांस झडू लागते.

कंबरदुखीचेही तसेच. वैरणीचा ओला भारा तीस-चाळीस किलोचा सहज असतो. कमरेत वाकून झटक्याने उचलला की मणक्यावर ताण येतो. गुडघ्यात वाका, भारा अंगाजवळ घ्या, दोन लहान भारे करा. गर्भार बाईला तर जड पाटी, भारा आणि व्यालेल्या गाईची घाण काढण्याचे काम देऊच नये. त्याचे कारण पुढे येते आहे.

घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांच्यावरही गोठा टाकला जातो. सत्तरीच्या आजोबांना गाईने ओढले, पडले, मांडीच्या खुब्याचे हाड मोडले, ही आपल्याकडे नवलाई नाही. त्या वयात मोडलेला खुबा माणसाला अंथरुणाला खिळवतो. म्हणून हिशेब करताना फक्त स्वतःचे तास मांडू नका, घरातल्या प्रत्येकाचे मांडा.

झोपेच्या भरात होणारे अपघात

कडबा कुट्टीचे यंत्र घरोघर आले आणि कष्ट वाचले. पण दिवसभराची ड्यूटी करून, संध्याकाळी मान खाली घालून कुट्टी करणाऱ्या माणसाचा हात वैरणीबरोबर कधी आत गेला हे त्याला कळत नाही. कुट्टी शक्यतो सुट्टीच्या दिवशी किंवा ताजेतवाने असताना करावी. सैल बाही, गळ्यातला टॉवेल, पदर, ओढणी यंत्राजवळ नको. अडकलेली वैरण काढण्याआधी वीज बंद करावी. मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

बोट तुटलेच तर घाबरून तंबाखू, हळद, चुना लावू नका. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती बंद पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. मग ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. पहिल्या काही तासांत पोचल्यास बोट जोडता येण्याची आशा असते.

पहाटे अंधारात गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीकडे जाताना बॅटरी आणि पायात गमबूट हवेतच. घोणस आणि मण्यार यांना आपल्या ड्यूटीची घाई ठाऊक नसते. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे, लस तिथे मिळते.

न उतरणारा ताप

आता गोठ्यातून घरात येणाऱ्या रोगांविषयी. यातला सर्वांत चुकणारा रोग म्हणजे ब्रुसेलोसिस. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर त्याचा जंतू शोधला, म्हणून हे नाव पडले. गाई-म्हशींमध्ये हा जंतू गाभ टाकायला लावतो. पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय सहा-सात महिन्यांनंतर गाभडली, वार पडली नाही, मालकाने उघड्या हाताने ती ओढून काढली, की जंतू हातावरच्या बारीक जखमांतून माणसात येतो. दुसरा रस्ता कच्च्या दुधाचा. आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी, आणि पैलवानाने धारोष्ण दूध प्यावे ही समजूतही जुनी. दूध जरूर प्यावे, पण उकळून. उकळल्याने ताकद जात नाही, जंतू जातात. क्षयाचे जंतूही त्याच उकळीत मरतात.

माणसात हा रोग दोन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतो. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, सकाळी बरे वाटते. कंबर, खुबे आणि सांधे दुखतात, वजन उतरते. पुरुषांना अंडाला सूज येऊ शकते, गर्भार स्त्रीचा गर्भपात होऊ शकतो. टायफॉइड समजून औषधे होतात, ताप थोडा उतरतो आणि पुन्हा येतो. म्हणून ताप दहा दिवसांहून अधिक रेंगाळला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "माझ्या घरी जनावर आहे, मागे गाय गाभडली होती." हे एक वाक्य निदानाचे अर्धे काम करते. रक्ताची तपासणी होते. उपचाराला साधारण सहा आठवडे, दोन औषधे बरोबर घ्यावी लागतात. ताप गेला म्हणून मध्येच सोडल्यास रोग उलटतो.

यावर खरा उपाय गोठ्यात आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला आयुष्यात एकदा लस टोचली की काम होते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस आणि लाळ्या-खुरकुताची लस मोफत दिली जाते. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. गाभडलेले वासरू आणि वार उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्यांना खाऊ देऊ नका. हातमोजे घालून खोल पुरा आणि वर चुना टाका.

थोडक्यात आणखी काही. गोठ्याच्या चिखलात उंदीर आणि जनावरांचे मूत्र मिसळते. अनवाणी पायांच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा पिवळे पडणे, लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. वासराच्या अंगावर गोल चट्टे असतील तर तोच नायटा मुलांना होतो. बुरशी आलेला कडबा झटकल्यावर काही तासांनी खोकला, धाप आणि थंडी-ताप येत असेल तर ती फुप्फुसाची सूज असते. तशी वैरण झटकताना नाका-तोंडाला कापड बांधा, किंवा ती फेकूनच द्या.

आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे विसरू नका. गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, आवाज बदलतो. मालकाला वाटते घशात काही अडकले आहे, आणि तो तोंडात हात घालतो. तिला कुत्रे चावले असेल तर हा रेबीज असू शकतो. हात घालू नका. लाळ लागलीच असेल तर पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. लक्षणे दिसल्यावर या रोगावर उपाय राहत नाही.

हौसेचा घोडा, शर्यतीचा खोंड

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी आणली होती. डिसेंबर २०२१ मध्ये नियम-अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून माण-खटाव, आटपाडी, वाळवा, सगळीकडे दावणीला पुन्हा खिलार खोंड दिसू लागले आहेत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला गेलेला तरुण खोंडाची स्वप्ने घेऊनच परत येतो. काहींना घोड्याची हौस असते.

हौसेला मोल नाही असे म्हणतात, पण तिला वेळ लागतो. गाय पोटभर वैरण खाऊन निवांत रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्याला थोडे थोडे पण वारंवार खायला लागते. सकाळी एकदाच तोबरा भरून चढवला आणि ड्यूटीवर गेले, असे त्याचे चालत नाही. त्याला उलटीही करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ झाला तर जिवावर बेतते. शिवाय रोज फेरफटका, खरारा, खुरांची साफसफाई. दर वर्षी माउलींच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीला पायी जातात, तेव्हा मिरज, सांगली, कराड, सातारा या वाटेवर आपण त्यांचे दर्शन घेतो. त्यांच्याबरोबर सेवेला माणसे असतात हे पाहून ठेवावे. नोकरदाराच्या घोड्याला मोतद्दार तोच आणि स्वार तोच. दिवसभर माणूस घरी नसेल तर घोड्यासाठी पगारी माणूस ठेवण्याची ऐपत आधी बघावी. ती नसेल तर यात्रेत घोडा डोळे भरून पाहावा आणि घरी यावे.

घोड्याच्या लिदीत आणि गोठ्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू सुप्तावस्थेत असतात. दर दहा वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस घ्यावी. घाण जखम झाली आणि शेवटच्या लशीला पाच वर्षांहून अधिक झाली असतील तर पुन्हा घ्यावी. बैलाचा कासरा किंवा घोड्याचा दोर हाताला गुंडाळून धरू नये. जनावर बुजले की हात, बोट, कधी सबंध माणूस ओढला जातो. घोड्याच्या मागून मुकाट्याने जाऊ नये, आवाज देत बाजूने जावे. स्वारी करताना डोक्याला हेल्मेट हवेच.

पोटात लाथ किंवा शिंग लागले आणि वरून खरचटलेलेही दिसले नाही, तरी निर्धास्त राहू नका. आत प्लीहा किंवा यकृत फाटून रक्तस्राव होऊ शकतो. चक्कर, थंड घाम, तहान, पोट टणक होणे, डाव्या खांद्यात दुखणे, अशी लक्षणे दिसताच काही खायला-प्यायला न देता रुग्णालयात न्या. डोक्याला लागून उलट्या झाल्या किंवा माणूस गुंगला तरीही तेच.

मग मेळ कसा घालायचा?

ज्यांची घरे हा मेळ नीट घालतात त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे ते असे.

१) गोठ्यातली कामे कमी करा. मुक्त संचार गोठ्यात गाई मोकळ्या फिरतात, हवे तेव्हा पाणी पितात. रोज बांधणे-सोडणे, पाणी पाजणे आणि बरेचसे शेण काढणे वाचते.

२) रोज वैरण कापण्याऐवजी मुरघास करा. मका एकदाच कापून, कुट्टी करून हवाबंद भरला की काही महिने पुरतो. रोजचा तासभर वाचतो, तो झोपेला द्या. बुरशी आलेला मुरघास जनावरालाही घालू नका.

३) धारेची वेळ ठरवा आणि पाळा. पहाटे साडेचारचीच हवी असा नियम नाही. डेअरीची वेळ बघून हळूहळू, रोज दहा-पंधरा मिनिटांनी, ती साडेपाचपर्यंत सरकवता येते.

४) पाळीप्रमाणे कामे वाटून भिंतीवर लिहा. पहिल्या पाळीत संध्याकाळची धार नवऱ्याची, दुसऱ्या पाळीत सकाळची. आठवड्यातून एक दिवस गोठ्यातल्या बाईला पूर्ण सुट्टी. थोरल्या मुलांनी मदत करावी, पण शाळेच्या आणि झोपेच्या वेळेत नव्हे.

५) दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून डेअरीला दूध घालण्याची पाळी लावावी. आजारपणात आणि परगावी जाताना हेच शेजारी गोठाही बघतात.

६) जेवणानंतर मोबाइल दूर ठेवा. रोज हरवणारा पाऊण तास बहुधा तिथेच सापडतो.

७) एवढे करूनही घरातल्या एखाद्याची झोप सहा तासांच्या आतच राहत असेल, तर एक जनावर कमी करा. दोन थकलेल्या माणसांनी ओढलेल्या चार गाईंपेक्षा नीट निगा राखलेल्या दोन गाई पदरात अधिक टाकतात. औषधपाणी, वाया गेलेले माज आणि बुडलेली हजेरी हिशेबात धरून पाहा.

नवे जनावर आणण्याआधी

बाजारात गाय बघताना आपण दात बघतो, कास बघतो, चाल बघतो. त्याच्या आदल्या रात्री घरात बसून तीन प्रश्न एकमेकांना विचारा. या जनावराला रोज किती तास लागतील? ते तास घरातल्या कोणाचे? आणि त्या माणसाची झोप त्यानंतर किती उरेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सात तास आले तर खुशाल दावे घेऊन बाजाराला जा. पाच आले तर जनावराचा निम्मा खुराक त्या माणसाच्या अंगातून जाणार हे समजा. आणि हे प्रश्न विचारताना घरातली बाई स्वयंपाकघरात नको, बैठकीत समोर बसलेली हवी, कारण बहुतेक घरांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तीच असते.